जुना ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय? भाव सांगणाऱ्या साईट्स, कन्साइनमेंट लॉट आणि इन्स्पेक्टर, सगळ्यांचा रिव्ह्यू (डॅलसहून)

आधीच सांगते, मी कुठल्या एका ब्रँडचा रिव्ह्यू लिहीत नाहीये. आम्ही घेतलेला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, २०१८ चा आहे, बावीस फुटी, मागे बंक बेड, आणि ब्रँड सांगून कुणाचा फार फायदा नाही कारण इथले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट काउंटीत आणि तिच्या आसपासच बनतात आणि वरचे स्टिकर सोडले तर आतला माल बऱ्यापैकी तोच तो, फर्नेस सबर्बनची, एसी डोमेटिकचा, खालची फ्रेम लिपर्टची. शिवाय जेको, कीस्टोन, एअरस्ट्रीम ही वेगवेगळी वाटणारी नावं थॉर नावाच्या एकाच कंपनीची आहेत आणि फॉरेस्ट रिव्हर वॉरन बफेच्या बर्कशायरची. तर रिव्ह्यू आहे तो भावाचा. म्हणजे जुन्या ट्रेलरची खरी किंमत काय हे सांगतो म्हणणाऱ्या ज्या ज्या गोष्टी आम्ही वापरल्या, त्यांचा.

ट्रेलर का, तर सासू-सासरे उन्हाळ्यात सांगलीहून येतात आणि सासूबाईंचं म्हणणं एकच, "फिरायला कुठंही न्या, पण संडास आपला पाहिजे." त्यात बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर त्यांना सोसत नाही, मग मोटेलच्या खोलीत इंडक्शनवर भात लावायचा आणि स्मोक अलार्मकडे बघत बसायचं, हे किती दिवस करणार. गाडी आमची होंडा पायलट, फोर व्हील वाली, ती ५,००० पाउंड ओढते असं होंडा म्हणते, त्यातून माणसं, पाणी, सामान वजा करा, म्हणजे रिकामा ट्रेलर पावणेचार हजार पाउंडाच्या आतलाच हवा. नवीन बघायला गेलो तर शोरूममधून बाहेर काढला की पाचवा हिस्सा किंमत गेली असं इथं सगळेच सांगतात, म्हणून जुनाच घ्यायचं ठरलं.

पहिला नंबर जेडी पॉवरच्या साईटचा. जुने अमेरिकन अजून तिला नाडा म्हणतात (हसू नका, आधीचं नावच तसं होतं). फुकट आहे, वर्ष टाका, कंपनी टाका, मॉडेल टाका, की तीन आकडे येतात, नवीन असतानाची लिस्ट प्राइस, लो रिटेल आणि ॲव्हरेज रिटेल. बँका आणि क्रेडिट युनियन कर्ज देताना हेच आकडे बघतात त्यामुळे साईटला मान आहे आणि तो ठीकच आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे ऑप्शन्सचं पान येतं, त्यात एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत), मायक्रोवेव्ह असे चौकोन असतात आणि विकणारा माणूस दिसेल त्या प्रत्येक चौकोनावर टिक मारतो, खरं तर त्यातलं अर्धं सामान त्या मॉडेलला कंपनीकडूनच आलेलं असतं आणि मूळ आकड्यात धरलेलं असतं, मग हजार दीड हजार डॉलर हवेतून वाढतात आणि त्याचा प्रिंटआउट तो तुम्हाला पुरावा म्हणून दाखवतो. स्वतः परत टाकून बघा, एकही टिक न मारता. दुसरं म्हणजे साईटला छप्पर दिसत नाही. ॲव्हरेज रिटेलचा अर्थच असा की ट्रेलर धड आहे, कुठं काही मोडलेलं, कुजलेलं नाही. ते धड आहे का हे कोण बघणार? तुम्ही. तीन स्टार, कारण सुरुवात करायला दुसरं फारसं काही नाही.

मग आरव्ही ट्रेडर आणि फेसबुक मार्केटप्लेस, दोन्ही जाहिरातींच्या साईट्स. इथं रात्री जेवणं झाल्यावर नवरा आणि मी दोघं फोन घेऊन बसायचो आणि दोघांच्या फोनवर एकाच मॉडेलचे भाव चार-पाच हजारांनी वेगळे. आधी वाटलं कंडिशनचा फरक असेल. तसं काही नाही. याचं कारण कळायला थोडं मागे जावं लागतं. कोविडमध्ये विमानं बंद, हॉटेलं बंद, सगळी अमेरिका ट्रेलर घ्यायला धावली, २०२१ मध्ये कारखान्यांतून ६,००,२४० आरव्ही (असे ट्रेलर आणि राहायच्या मोटारी धरून) बाहेर पडल्या, तो आजवरचा विक्रम आहे, आणि २०२३ मध्ये तोच आकडा ३,१३,१७४ वर आला, म्हणजे जवळजवळ निम्मा. पण २०२१-२२ मध्ये ज्यांनी लिस्ट प्राइसला किंवा त्याच्याही वर पैसे मोजून घेतले त्यांचं कर्ज काही निम्मं झालं नाही. इथं ट्रेलरला पंधरा-वीस वर्षांचं कर्ज मिळतं. समजा कुणी ३८,००० डॉलर ६ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता बसतो २७२ डॉलर, ऐकायला किती गोड, पण चार वर्षं इमानदारीत हप्ते भरल्यावरही साडेतेहतीस हजार शिल्लकच असतात. आता हा माणूस जाहिरात टाकताना बाजारभाव बघेल का? तो बँकेचं स्टेटमेंट बघतो आणि तोच आकडा लिहितो, वर "लो बॉल ऑफर नको, माझ्याकडे काय आहे ते मला माहितीये" असं ठणकावून सांगतो. त्याच्याकडे काय आहे ते आपल्यालाही माहितीये, कर्ज आहे.

म्हणून जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याची अडचण सांगतो, ट्रेलरची किंमत नाही. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. एखादी जाहिरात दोन-तीन महिने तशीच पडून आहे आणि आकडा तोच, तर समजायचं तिथं खाली यायला जागाच नाही, तो माणूस खाली आला तर त्याला बँकेला खिशातून पैसे द्यावे लागतील. अशांच्या मागे लागू नका. ज्यांचं कर्ज फिटलंय असे म्हातारे नवरा-बायको शोधा, गुडघे दुखायला लागलेत म्हणून विकतायत असे. साईट म्हणून दोन्हीला अडीच स्टार. मार्केटप्लेसवर तर खोट्या जाहिराती ढीगभर आहेत, दहा हजाराचा माल चार हजाराला, "मी सध्या ड्युटीवर बाहेर आहे, झेल ॲपवर डिपॉझिट पाठवा" असलं काही आलं की फोन खाली ठेवा.

या सगळ्यात मला जी गोष्ट मनापासून आवडली ती ह्यूस्टनच्या पीपीएल मोटर होम्सची साईट. हे लोक कन्साइनमेंटवर विकतात, म्हणजे ट्रेलर मालकाचा, जागा यांची, विकला की कमिशन. पण खरी मजा ही की कुठला माल शेवटी कितीला गेला ते आकडे ते साईटवर टाकतात. मागितलेले नव्हे, मिळालेले. मंडळी, फरक लक्षात घ्या. आमच्या मॉडेलसारखे ट्रेलर आरव्ही ट्रेडरवर साडेचौदा-पंधरा हजारांना लटकत होते आणि इकडे त्याच जातीचे बारा हजारांच्या आगेमागे विकले गेलेले दिसत होते. आम्ही पीपीएलकडून घेतलं काहीच नाही, तिथं गेलोही नाही, चार तास कोण गाडी चालवणार, पण भाव बोलताना ते पान फोनवर उघडं ठेवलं होतं. पाच स्टार, आणि फुकट आहे म्हणून अर्धा जास्त.

आता काय टिकतं आणि काय पडतं यावर थोडं, कारण हे कुणी नीट सांगत नाही. मोल्डेड फायबरग्लासचे ते अंड्यासारखे छोटे ट्रेलर असतात ना, मिनेसोटाचे स्कॅम्प आणि आपल्या इथं डॅलसच्या खाली राइस गावातले कसिटा, त्यांचे भाव पडतच नाहीत. दहा वर्षं जुन्या कसिटाला जो भाव सांगतात तो ऐकून नवरा म्हणाला एवढ्यात मोठा नवा येतो, आणि खरंच येतो. कारण सरळ आहे, अंगाचे दोनच तुकडे, वरचा आणि खालचा, मध्ये एक जोड, छपराला शिवण नाही, म्हणून पाणी शिरायला वाटा कमी, आणि वजन इतकं हलकं की साध्या एसयूव्हीमागे जातं, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. एअरस्ट्रीमही भाव धरून असतात, पण तो आपल्या बजेटचा विषय नाही, त्यामुळे सोडा. बाकी सगळ्या चौकोनी ट्रेलरांची गोष्ट वेगळी, लाकडी सांगाडा आणि वर पत्रा किंवा चिकटवलेलं फायबरग्लास, छपरावर रबराचा पडदा, आणि त्या पडद्याला एसीसाठी, पंख्यासाठी, व्हेंटसाठी भोकं पाडून कडेनं सीलंट. ते सीलंट दरवर्षी बघावं लागतं, भेग दिसली की वर डायकॉर नावाचं सीलंट ओतावं लागतं, अर्धा तासाचं काम आहे, आणि बरेच मालक ते कधीच करत नाहीत. तीस फुटी अवजड ट्रेलर स्वस्तात दिसतो तेव्हा तो ओढायला ट्रक लागतो म्हणून दिसतो, पायलट आणि हायलँडरवाल्यांनी त्याच्याकडे बघूच नये. टोयोटा सिएना तर ३,५०० पाउंडच ओढते. म्हणजे हलका ट्रेलर घेताना दोन पैसे जास्त जातात, पण विकतानाही तेच दोन पैसे परत येतात, गिऱ्हाईक तेवढंच जास्त मिळतं म्हणून.

टेक्सासमध्ये आणखी दोन-तीन प्रकारचा माल फिरतो. मिडलंड-ओडेसाकडे तेलाच्या कामावरची माणसं ट्रेलरमध्ये वर्षानुवर्षं राहतात, तो माल कागदावर तरुण आणि आतून म्हातारा असतो, गादीखाली, चुलीच्या मागे बघा. किनारपट्टीवरून पुरात बुडालेला येतो, त्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बघा. आणि फारच स्वस्त, आत वेगळाच नकाशा असलेला २००५-०६ चा दिसला तर तो कत्रिना वादळानंतर सरकारनं घेतलेल्यांपैकी असू शकतो, त्यांच्यात फॉर्मल्डिहाइड जास्त निघालं होतं आणि नंतर सरकारनं ते लिलावात काढताना राहण्यासाठी वापरू नका असं लिहूनच विकले. लहान पोरं घेऊन त्यात झोपू नका.

आता लॉटचा, म्हणजे जुने ट्रेलर विकणाऱ्यांच्या आवाराचा, रिव्ह्यू. नाव देत नाही, डॅलसच्या उत्तरेला हायवेवरच आहे, झेंडे बिंडे लावलेले. फोनवर सांगितलेला आकडा ११,९००, जेडी पॉवरच्या लो रिटेलच्या जरा वर, म्हणजे बरा वाटला. सासरे बरोबर होते, ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, इंग्रजी जेमतेम, पण गाडीभोवती पहिली फेरी मारेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. सेल्समन आत मला टीव्ही कुठं लागतो, स्पीकर किती आहेत ते दाखवत होता आणि सगळीकडे एअर फ्रेशनरचा इतका वास की माझं डोकं उठलं. बाबा पुढच्या कोपऱ्यात, बेडच्या उशाशी, खिडकीखाली गुडघ्यावर बसले. भिंतीच्या कागदावर एक हलकी लाट होती, मला दिसलीही नव्हती. त्यांनी अंगठा लावला आणि भिंत भिजलेल्या पापडासारखी आत गेली. मग त्यांनी बेडची फळी उचलून खालचे स्क्रू दाखवले, गंजून लाल झालेले, आणि लाकडाला काळे डाग. मला म्हणाले, "सूनबाई, हा बाहेरून रंगवलाय, आतून गेलाय. चल." सेल्समन म्हणाला तो नुसता कंडेन्सेशनचा ओलावा आहे, सगळ्यांनाच असतो. मी म्हटलं मग मीटर लावून बघूया, आमच्याकडे चाळीस डॉलरचं मॉइश्चर मीटर होतं, तर म्हणे पॉलिसीत बसत नाही. वर निघताना कळलं की त्या ११,९०० वर प्रेप फी (ट्रेलर तयार करायची), डॉक फी (कागदपत्रांची) वगैरे धरून तेराशे डॉलर वेगळे. कसली प्रेप? एअर फ्रेशनर मारायची? एक स्टार, तोही कॉफी चांगली होती म्हणून.

कोपरा भिजलेल्या ट्रेलरला बाजारात भाव किती, असं मी नंतर इन्स्पेक्टरला विचारलं तर तो म्हणाला एक्सल आणि चाकांचा जेवढा येईल तेवढा. थोडं वाढवून बोलला असेल, पण फार नाही. भिंत उघडली की आत किती आत गेलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि दुरुस्तीचं बिल ट्रेलरच्या किमतीला जाऊन भिडतं.

हा इन्स्पेक्टर एनआरव्हीआयए, म्हणजे आरव्ही इन्स्पेक्टरांच्या संघटनेचा, सर्टिफाइड, आम्ही पुढे जो ट्रेलर घेतला त्यासाठी बोलावला होता. साडेचारशे डॉलर. नवऱ्याला आधी जीवावर आलं होतं, अकरा-बारा हजाराच्या वस्तूसाठी साडेचारशे म्हणजे काय. पण तो माणूस चार तास होता, छपरावर चढून प्रत्येक व्हेंटच्या कडेचा फोटो काढला, गॅसची लीक टेस्ट केली, पाणी भरून पंप चालवला, फ्रिज गॅसवर आणि करंटवर दोन्हीवर लावून थंड होतो का बघितलं, ऑनिंगचा कपडा पूर्ण उघडून दाखवला. टाकीचे सेन्सर बरोबर दाखवतात का विचारलं तर हसला, म्हणे टाकी रिकामी असली तरी दोन तृतीयांश भरलेली दाखवणं हे त्यांचं कामच आहे. रिपोर्ट पन्नासेक पानांचा आला, त्यातल्या दोन गोष्टी भाव करायला कामाला आल्या. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण टायरबद्दल त्यानं नुसतं "ठीक, ग्रिप आहे" लिहिलं आणि ते बाबांनी पकडलं. ट्रेलरच्या टायरला ग्रिप बघत नाहीत, वय बघतात. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे, आमच्यावर २३१८ होतं, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कंपनीचेच मूळ टायर. ट्रेलर वर्षातले दहा-अकरा महिने एका जागी उन्हात उभा असतो, झिजत नाही पण आतून तडकतो, आणि टेक्सासच्या ऑगस्टमध्ये हायवेवर फुटला तर जाताना खालचा पत्रा आणि गॅसची लाइनही ओरबाडून नेतो. पाच-सहा वर्षं झाली की बदलायचेच.

तर आमचा सौदा. डेंटनच्या पलीकडे एक आजोबा-आजी, कर्ज फिटलेलं, टायटल घरातच, मागत होते १४,५००. एका बाजूला पत्र्यावर गारांचे पोचे, चांगले पन्नास-साठ. इथं वसंतात गारा पडतात त्या लिंबाएवढ्या असतात, असला माल भरपूर मिळतो, आणि माझं मत विचाराल तर डॅलसमध्ये घेण्यासारखा माल हाच आहे. पोचे दिसायला वाईट, त्यामुळे अमेरिकन गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण पत्र्याच्या पोच्यातून पाणी येत नाही. छपराचे व्हेंट आणि एसीचं झाकण गारांनी फुटलंय का तेवढं बघायचं, आणि विमा कंपनीनं टोटल लॉस करून टायटलवर साल्व्हेज तर लिहिलेलं नाही ना हे बघायचं. यांचं टायटल स्वच्छ होतं, झाकणं नवीन बसवलेली होती, पावतीसकट. आजोबांकडे एक वही होती, कुठल्या तारखेला सीलंट लावलं, कधी बेअरिंगला ग्रीस भरलं, थंडीआधी पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ कधी घातलं, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. बाबा ती वही चाळत बसले, भाषा कळत नव्हती पण तारखा कळत होत्या, आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. माझ्या लेखी ती वही जेडी पॉवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त मोलाची.

आम्ही पीपीएलचं पान दाखवलं, टायर दाखवले, पोचे तर दिसतच होते. आजोबा म्हणाले बायकोला विचारतो, आत गेले, बाहेर येऊन १२,००० म्हणाले, आम्ही ११,५०० म्हटलं, आणि ते म्हणाले ठीक आहे पण हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा) पण घेऊन जा, आता मला काय करायचाय. तो वेट डिस्ट्रिब्यूशनवाला, म्हणजे वजन वाटून देणारा हिच नवीन घ्यायला पाचशेच्या वर जातात, त्यामुळे खाजगी माणसाकडून घेत असाल तर हे सामान बरोबर येतंय का जरूर विचारा, होजपाइप, लेव्हलिंगचे ठोकळे, सगळं. लॉटवर यातलं प्रत्येक वेगळं विकतात.

वर लागलेला खर्च पण लिहून ठेवते. टेक्सासचा ६.२५ टक्के टॅक्स, म्हणजे ७१८ डॉलर ७५ सेंट, काउंटीच्या टॅक्स ऑफिसात टायटल बदलताना भरायचा. टायटलवर बँकेचं नाव असेल तर विकणाऱ्याबरोबर त्याच्या बँकेतच जाऊन पैसे द्या, हातात देऊन "नंतर पाठवतो" वर विसंबू नका. पाच टायर मिळून साडेसहाशे. पायलटला ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा. आणि महिन्याला दीडशेच्या आसपास स्टोरेजचे, कारण आमच्या सोसायटीच्या म्हणजे एचओएच्या नियमात ट्रेलर दारात उभा करायला एकच रात्र परवानगी आहे आणि समोरच्या काकू खिडकीतच असतात. फ्रिस्को-प्लेनोकडच्या लोकांनी हा आकडा आधी धरा, वर्षाला अठराशे होतात, म्हणजे ट्रेलरचं घसारं एकीकडे आणि हे एकीकडे. काही खाजगी आरव्ही पार्क दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर आत घेताना कटकट करतात, त्यामुळे आमचा २०१८ चा माल आता त्या रेषेला आलाच, विकायचा झाला तर गिऱ्हाईक हेच पुढे करून भाव पाडणार, हे धरून चाललोय. आम्ही जातो स्टेट पार्कात, इंक्स लेक, पॅलो ड्युरो, तिथं कुणी वर्ष विचारलेलं नाही.

घ्यायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघा, पुढचे चार महिने स्टोरेज भरत बसायचं म्हणून विकणारा नरमतो, मार्च उजाडला की तेच आजोबा ऐकत नाहीत. आणि वर्षातून दोनदाच जाणार असाल तर सरळ आउटडोअर्सी नाहीतर आरव्हीशेअरवर भाड्यानं घ्या, काही मालक कॅम्पसाइटवर आणून लावूनही देतात. आम्हीही तेच केलं असतं, पण भाड्याच्या ट्रेलरमध्ये फोडणी नको अशी अट बऱ्याच जणांची असते आणि सासूबाईंना ती मंजूर नव्हती.